फुजी चढायचा की नाही?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, थोडी काटछाट करून, बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



छापील पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘फुजी शिखरावरची पहाट’ असा आलाय. मी लिहून दिलेला विषय तो नव्हता. मी दिला होता ‘फुजी चढायचा की नाही’. पत्रिका करणाऱ्यांना तो फिका वाटला असेल, किंवा चढून आलेल्या माणसानं असा प्रश्न कशाला विचारायचा असं वाटलं असेल. तो बदल का चुकला ते पुढे कळेलच. मागच्या रांगेतून ‘वडे गार होतील’ अशी सूचना आधीच आलेली आहे, त्यामुळे लगेच सुरुवात करतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं बाहेर आहेत. माझा मुलगा गेली चार वर्षं टोकियोत असतो, निशिकासाई भागात. तिथे आपल्याकडची इतकी माणसं राहतात की कढीपत्त्याची जुडीसुद्धा मिळते. मागच्या जुलैत, म्हणजे २०२५ साली, आम्ही दोघं पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलो. बारा दिवस. त्याला सुट्टी मिळणार होती चार दिवस. आणि मी तिकीट काढायच्या आधीच सांगून टाकलं होतं की मला फुजी चढायचाय.

आता फुजीच का? इथं बसलेल्या बहुतेकांना वाटतं की मी दर रविवारी सिंहगड चढतो, म्हणून हौस. तसं नाही. मी सिमला ऑफिसात उपकरणांच्या कार्यशाळेत अख्खी नोकरी केली. पर्जन्यमापक, वायुभारमापक, तापमापक, हेच हातात. १९८४ साली नवीन लागलो तेव्हा आमचे एक वरिष्ठ डबा खाताना जपानच्या रडारची गोष्ट सांगायचे. १९५९ साली जपानमध्ये इसे उपसागराच्या बाजूला एक भयंकर वादळ आलं, पाच हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी ठरवलं की वादळ लांबूनच दिसलं पाहिजे, आणि लांबचं बघायचं तर उंचावर चढलं पाहिजे. म्हणून देशातल्या सगळ्यात उंच डोंगराच्या माथ्यावर, ३७७६ मीटरवर, रडार बसवलं. काम उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांतच करता यायचं. मजूर वर जायचे, डोकं धरून खाली यायचे. १९६४ साली रडारवरच्या घुमटाचा सांगाडा हेलिकॉप्टरनं उचलून वर नेऊन ठेवला. आठशे किलोमीटरवरचं वादळ त्याला दिसायचं. आणि या कामावर त्यांच्या हवामान खात्यातला जो अधिकारी होता, नित्ता जिरो, तो उपकरण विभागाचाच प्रमुख होता! तो कादंबरीकारही होता, पुढे या रडारवरच कादंबरी लिहिली, तिचा सिनेमाही निघाला. आमच्यासारख्या स्क्रू पिळणाऱ्यांना ही गोष्ट किती गोड लागायची ते तुम्हाला सांगून कळणार नाही. तेव्हापासून मनात होतं की ती जागा एकदा बघायची.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘बाबा, ते रडार १९९९ मध्येच बंद झालं. उपग्रह आल्यावर त्याची गरज उरली नाही. घुमट उतरवून खाली फुजियोशिदा गावात संग्रहालयात ठेवलाय. तुम्हाला जे बघायचंय ते खाली आणून ठेवलंय, बस अगदी दारात जाते.’’

मी गप्प बसलो. पण जायचं रद्द केलं नाही. माणसाचं मन कसं असतं बघा. कारण गेलं तरी हट्ट राहतो.

मग सुरू झालं घरातलं महायुद्ध. रोज रात्री व्हिडिओ कॉल. मुलाची बाजू तुम्हाला सांगतो, कारण ती चुकीची नव्हती. फुजीवर चढायचा हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. तेवढ्या दोन-सव्वादोन महिन्यांत दोन लाखांवर माणसं चढतात. वाटा चार आहेत, पण टोकियोहून सोयीची म्हणून निम्म्याहून जास्त गर्दी एकाच वाटेवर, योशिदा मार्गावर. ती इतकी वाढली की २०२४ पासून त्या वाटेवर फाटक बसवलं. दिवसाला चार हजार माणसं, बस्स. २०२५ पासून चारही वाटांवर माणशी चार हजार येन शुल्क, म्हणजे आपले सव्वादोन-अडीच हजार रुपये. दुपारी दोन ते पहाटे तीन फाटक बंद, वरच्या मुक्कामाच्या झोपडीत जागा राखून ठेवली असेल तरच आत सोडतात. याचं कारण असं की लोक संध्याकाळी बसनं यायचे, रात्रभर न थांबता चढायचे, सूर्योदय बघायचा आणि पळायचं. त्याला तिकडे ‘बंदुकीच्या गोळीसारखी चढाई’ अशा अर्थाचा शब्दच आहे. वाटेत थंडीनं कुडकुडत पडलेली माणसं मग इतरांनी उचलायची.

त्यानं मला एक फोटो पाठवला. काळोख, आणि डोंगरावर दिव्यांची एक नागमोडी माळ. मला तो सुंदर वाटला. तो म्हणाला, ‘‘बाबा, ही रांग आहे. प्रत्येक दिवा म्हणजे समोरच्याची पाठ बघत उभा असलेला माणूस.’’

शिवाय त्यानं एक मुद्दा काढला, तो मला आजही पटतो. फुजी चढायला उघडतो तेव्हा तो लांबून धड दिसत नाही. उन्हाळ्यात ढग असतात, डोक्यावर बर्फ नसतो, नुसता काळपट-तांबूस ढीग. आणि हिवाळ्यात तो लखलखीत दिसतो तेव्हा चढता येत नाही. जो फुजी आपण चित्रात बघतो तो आणि जो चढतो तो, हे दोन वेगळेच डोंगर. वर उभं राहिल्यावर तर फुजी सोडून सगळं दिसतं. बघण्यासाठीसुद्धा गर्दी काही कमी नाही. पायथ्याच्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानाच्या मागे फुजी दिसतो म्हणून फोटो काढायला इतके लोक रस्त्यात उतरायला लागले की २०२४ च्या मे महिन्यात गावानं तिथे काळी जाळीच ताणली. डोंगर दिसू नये म्हणून पडदा!

माझी बाजू काय होती? एक म्हणजे वय चौसष्ट. आता नाही तर कधी? दुसरं, गर्दीचं मला भय नाही. कळसूबाईला नवरात्रात लोखंडी शिड्यांवर रांगेत उभं राहणारी आपण माणसं. वारीत कुणी म्हणतं का, की गर्दी फार आहे, पुढच्या महिन्यात रिकामं असताना जाऊ? आणि मी वाचून काढलं होतं की फुजीसुद्धा मुळात वारीच आहे. पांढरे कपडे, हातात काठी, मुखानं जप. जुन्या एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गल्लोगल्ली फुजी मंडळं होती. त्यांची पद्धत ऐका. सगळ्यांना जाणं परवडायचं नाही, म्हणून सभासद थोडे थोडे पैसे जमवायचे, आणि दरवर्षी चिठ्ठी टाकून ज्यांचं नाव निघेल ते सगळ्यांच्या वतीनं चढून यायचे. आपल्या भिशीसारखंच की!

बायकोनं हे सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. ‘‘त्या मंडळांत बायका होत्या का?’’ मी परत वाचलं. मंडळांत होत्या, पण शिखरावर बायकांना १८७२ पर्यंत बंदी होती. १८३२ साली ताकायामा तात्सु नावाची एक बाई पुरुषाचा वेश करून गेली, ती पहिली. बायको म्हणाली, ‘‘मग माझ्या गुडघ्यानं तेवढीच बंदी घातलीय असं समजते. तुम्ही दोघं जा. पण मुलाला दमवू नका.’’

‘मुलाला दमवू नका’ हे वाक्य लक्षात ठेवा. कारण बाकी सगळ्यांनी, डॉक्टरांपासून आपल्या कट्ट्यापर्यंत, काळजी माझी केली होती. माझा रक्तदाब, माझं वय, माझे गुडघे. मी तयारी केली ती तुम्ही पाहिलीत. पाच किलो तांदूळ सॅकमध्ये घालून अ विंगचे सात मजले रोज पाच वेळा. वॉचमन विचारायचा, ‘‘काका, लिफ्ट बंद आहे का?’’ चौथ्या मजल्यावरून तक्रारही गेली होती की रात्री जिन्यात कोण पाय आपटतं. तो मीच. उशिरानं माफी. हिशेब असा केला होता की बस जिथे सोडते तो पाचवा टप्पा २३०५ मीटरवर, तिथून शिखर जवळपास पंधराशे मीटर वर, म्हणजे आपली इमारत सत्तर वेळा, किंवा अडीच सिंहगड. पायांचा हिशेब बरोबर होता. ज्या माणसानं आयुष्यभर वायुभारमापक दुरुस्त केले त्यानं हवेचा हिशेब मात्र केला नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. सिंहगड १३१२ मीटर. तिथे कितीही चढा, ही परीक्षा होतच नाही. आणि मुलगा? छत्तिसाव्या वर्षी दिवसाचे अकरा तास खुर्चीत, आदल्या रात्री कामामुळे जेमतेम चार तास झोपलेला. त्याचा विचार ना मी केला, ना त्यानं.

शेवटी ठरलं ते असं. आम्ही तिघं कावागुचिकोला जायचं. बायको तिथे तळ्याकाठी उतरणार, आम्ही दोघं वर आठव्या टप्प्यावर झोपडीत मुक्काम करणार. कोण जिंकलं म्हणाल तर मीच. मुलगा हो म्हणाला कारण मी आधीच बूट विकत घेतले होते.

चढणीचं फार सांगत नाही. पाचव्या टप्प्यावर बसमधून उतरल्यावर तासभर नुसतं थांबावं, शरीराला पातळ हवेची सवय होऊ द्यावी, असं तिथे लिहिलेलंच असतं. आम्ही वीस मिनिटं थांबलो. तिथे लाकडी काठी मिळते, वाटेतल्या प्रत्येक झोपडीवर पैसे देऊन तिच्यावर तापलेल्या लोखंडानं शिक्का उठवून घ्यायचा. शिक्क्यात उंचीचे आकडे असतात. माझ्यासारख्याला अजून काय पाहिजे? सातव्या टप्प्यापासून लाव्ह्याचे खडक, हात लावून चढायचं, साखळ्या. झाडं संपतात. पाणी विकत, स्वच्छतागृहाला दोनशे-तीनशे येनची नाणी. मुलगा मागे पडत होता. मला वाटलं, सवय नाही, होईल. मी वर उभा राहून त्याला हाक मारायचो, ‘‘चल रे, म्हातारा बाप पुढे गेला!’’ आजूबाजूचे हसायचे. तोही हसायचा. आता आठवलं की बरं वाटत नाही.

झोपडी सुमारे ३१०० मीटरवर. आपल्या कल्पनेतली झोपडी नव्हे, लाकडी धर्मशाळा म्हणा. रात्रीच्या जेवणाला करी आणि भात. आम्ही भात आणि बायकोनं दिलेले धपाटे खाल्ले. मुलानं अर्धा धपाटा खाल्ला आणि ठेवून दिला. झोपायला फळ्यांची मांडणी, खांद्याला खांदा लावून. आठला दिवे बंद.

साडेअकराला तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा अंधारातही कळलं की ओकून आलाय. डोकं फुटतंय म्हणाला. झोपडीतल्या माणसानं त्याला उठवून बसवलं, खोल श्वास घ्यायला सांगितलं, घोट घोट पाणी दिलं. मोडक्या इंग्रजीत आणि खुणांनी आम्हाला समजावलं की यावर खरं औषध एकच, खाली उतरणं. पण रात्री खडकातून उतरणं धोक्याचं. आणखी बिघडलं तर लगेच, नाहीतर उजाडल्या उजाडल्या. वर जायचं नाव काढायचं नाही.

एक वाजता सगळी झोपडी उठली. शिखरावर सूर्योदय गाठायचा तर तेव्हाच निघावं लागतं. लोक कपाळावर दिवे बांधत होते. मी मुलाजवळ बसलो होतो. आणि मी त्याला काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, ‘‘काल लवकर झोपला असतास तर ही वेळ आली नसती.’’

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तुम्ही जाऊन या बाबा. मी इथेच आहे.’’

आणि मी गेलो.

मी इथं थोडं पाणी पितो.

तर, मी गेलो. दिवा लावला, काठी घेतली, रांगेत घुसलो. फोटोत पाहिलेली तीच माळ. आता मी तिच्यातला एक मणी. चार पावलं चालायचं, थांबायचं. समोर एका गटाचा वाटाड्या होता, तो मधूनच थांबवून माणसं मोजायचा. वारा होता, जुलैत हातमोजे घालूनही बोटं बधिर. पण मला तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर फार छान वाटत होतं. खाली गावांचे दिवे, वर तारे, दोन्हींच्या मधे आम्ही. पाय भरलेले नव्हते, श्वास ठीक होता. मला कळत होतं की मी पोचणार.

साधारण चाळीस मिनिटं गेल्यावर एका वळणावर रांग बराच वेळ अडली. तिथे पाटी होती. फुजीवर प्रत्येक वाटेच्या पाट्यांना वेगळा रंग असतो, योशिदाचा पिवळा. त्या पाटीवर चढायची वाट एकीकडे, उतरायची दुसरीकडे असे बाण होते. मी ती नुसतीच वाचत उभा होतो, आणि मग टाळकं उघडलं. योशिदा मार्गावर उतरायची वाट वेगळी आहे. भुसभुशीत राखेची, वळणावळणांची. आमच्या झोपडीवरून ती जातच नाही. म्हणजे मी शिखरावर गेलो आणि सगळ्यांबरोबर उतरलो, तर थेट पाचव्या टप्प्यावर. आणि मुलगा? त्याला उजाडल्यावर खडकातून एकटं उतरावं लागणार, ओकत, डोकं धरून. हे त्याला माहीत होतं. सगळं आरक्षण, सगळे नकाशे त्यानंच पाहिले होते. ‘तुम्ही जाऊन या’ म्हणताना त्याला ते माहीत होतं, आणि तो बोलला नाही.

मला पुष्कळ जण नंतर म्हणाले, म्हणजे घरातले दोघंच म्हणाले, की शेवटी परत फिरलात ना, झालं तर. तसं सोपं नाही ते. पाटी वाचल्यानंतरही मी रांगेबरोबर आणखी काही पावलं वर गेलो. मनात गणित चालू होतं. वरून झोपडीच्या वाटेनं उलटं येता येईल का, फोन करून त्याला थांबायला सांगावं का, दहाऐवजी आठला खाली पोचता येईल का. उपकरणवाला माणूस, सगळं मोजून बघतो. मग रांग परत अडली, आणि मी वळलो.

रात्री दोनच्या सुमाराला फुजीवरून उलट्या दिशेनं उतरणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीच्या विरुद्ध चालून बघा. प्रत्येकाच्या दिव्याचा झोत थेट डोळ्यांत. मला एकच जपानी शब्द येत होता, ‘सुमिमासेन’, माफ करा. पाऊण तास तोच जप. सहा इंद्रियं शुद्ध होवोत असा जुन्या यात्रेकरूंचा जप असायचा म्हणतात. माझा हा.

झोपडीत आलो तर मुलगा भिंतीला टेकून तसाच बसलेला. त्यानं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘काय झालं? चक्कर आली का?’’ त्याला वाटलं मला त्रास झाला म्हणून परत आलो. मी म्हणालो, ‘‘गर्दी फार आहे रे.’’

तेवढंच बोललो. माफी वगैरे आपल्याकडच्या बापांना कुठे मागता येते?

योशिदा मार्ग पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्योदय बघायला शिखरावर जावंच लागतं असं नाही. साडेचारनंतर आम्ही झोपडीबाहेरच्या बाकावर बसलो, दोघांत एक रजई. खाली ढगांचा समुद्र, त्याच्या कडेला आधी तांबडी रेघ, मग एकदम सगळं सोनेरी. जपानी लोक त्याला ‘गोराइको’ म्हणतात. वरून, शिखराकडून, ओरडल्याचा आवाज आला. शेकडो माणसं एकदम ओरडली असणार. मुलानं फोटो काढला. मग आम्ही चढायच्या वाटेनंच, हळूहळू उतरलो. सातव्या टप्प्याखाली आलो तसा त्याचा चेहरा बदलला, सहाव्यावर त्यानं चिक्की मागून खाल्ली. ही हवेची गंमत. पाचशे मीटर खाली आला की तोच माणूस वेगळा.

आता मूळ मुद्दा. तो फोटो मी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘फुजी पर्वतावरून सूर्योदय’. यात खोटं काही नव्हतं. पर्वतावरूनच होता. पण तुम्ही सगळ्यांनी अंगठे, हार, ‘शिखर सर केल्याबद्दल अभिनंदन’ असं पाठवायला सुरुवात केली, आणि मी हात जोडल्याचं चिन्ह टाकत राहिलो. परत आलो तर नोटीस बोर्डावर माझा फोटो, ‘आपल्या सोसायटीचा मान, फुजी शिखरवीर’. मग १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाल आणि नारळ. बायको माझ्याकडे बघत होती. मी शाल घेतली.

नंतर सांगू म्हटलं. तुम्हाला माहीतच आहे, जी गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली नाही ती दहाव्या दिवशी दसपट जड होते. सहा-सात आठवडे गेले. मग एके दिवशी आमच्या मजल्यावरचा एक चौथीतला मुलगा घरी आला होता. काठी कोपऱ्यात उभी असते, तिच्यावरचे शिक्के तो बोट लावून वाचत होता. सगळ्यात वरच्या शिक्क्यावर थांबून म्हणाला, ‘‘आजोबा, यावर ३१०० आहे. फुजी तर ३७७६ आहे ना? उरलेला शिक्का कुठेय?’’ आपल्या सोसायटीत एकशे बारा फ्लॅट आहेत, निदान तीस माणसांनी ती काठी हातात घेऊन पाहिली होती. आकडे वाचले त्या एकट्यानं. मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग बोर्डावर चूक लिहिलंय.’’

म्हणून हे भाषण मी मागून घेतलं. समितीनं मला बोलावलं असं तुम्हाला वाटत असेल, तसं नाही. शाल मी पिशवीतून आणलीय, ती कार्यक्रमानंतर सेक्रेटरींकडे देतो. नारळाच्या वड्या झाल्या, त्याला इलाज नाही.

लोक मला विचारतात, आम्ही जपानला चाललोय, फुजी चढावा का? मी उत्तर देताना अडखळतो. तब्येत आणि तयारी असेल, बरोबरच्या माणसाला मनापासून यायचं असेल, झोपडीत मुक्काम करून सावकाश जाणार असाल, तर जरूर जा, रांगेला घाबरू नका, रांगेतही मजा आहे. पण बारा दिवसांतले दोन-तीन दिवस त्यात जातात, आणि उतरल्यावर आणखी दोन दिवस जिना उतरताना आई आठवते. आणि जो तुमच्यासाठी हो म्हणतोय त्याला एकदा नीट विचारा, की तू माझ्यासाठी येतोयस का. मी ते विचारलं नव्हतं. मला अजून शिखराची रुखरुख आहे का? आहे. सिंहगडाच्या शेवटच्या वळणावर दर रविवारी आठवण येते. पुढच्या वर्षी वय पासष्ट.

खाली आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या घुमटाच्या संग्रहालयात गेलो. मुलगा म्हणाला होता तसंच, बस दारात. पांढरा गोल घुमट, आत ती यंत्रं. मी काचेला नाक लावून तासभर बोलत होतो, आणि मुलगा पहिल्यांदाच माझ्या नोकरीबद्दल प्रश्न विचारत होता. झडपा कशा, गोठल्यावर काय करायचे, तुम्ही पुण्यात नक्की काय दुरुस्त करायचा. छत्तीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

आणि एक राहिलं. त्या जुन्या फुजी मंडळांनी, ज्यांना डोंगरापर्यंत जाणं जमत नाही त्यांच्यासाठी, म्हातारे, आजारी, आणि तेव्हा बंदी असलेल्या बायका, अशांसाठी शहरातच छोटे फुजी उभारले. फुजीवरचे लाव्ह्याचे दगड आणून रचलेल्या टेकड्या, वर देऊळ, वाटेत खुणा. टोकियोत सेंदागाया भागातल्या एका देवस्थानाच्या आवारात १७८९ सालचा एक आहे, उंची सहा मीटरच्या आसपास. परतीच्या आदल्या दिवशी मुलगा आम्हाला तिथे घेऊन गेला. बायको म्हणाली, हा मी चढणार. एक हात मुलाच्या खांद्यावर, एका हातात माझी ती काठी. गुडघा धरत, मधे एकदा बसून, सहा-सात मिनिटांत ती वर गेली. वर गर्दी अजिबात नव्हती. तिथून तिनं मला हाक मारली, ‘‘या की वर, म्हातारी पुढे गेली!’’

मी खालीच उभा राहिलो. फोटो काढायचा होता. तो फोटो मी बरोबर आणलाय, बोर्डावर लावायचा असेल तर हा लावा. आमच्या घरात फुजीच्या माथ्यावर पोचलेलं माणूस तेवढं एकच आहे.

वडे आणा आता.